पासपोर्ट पाहू नका, पत्ता पाहा!

आयर्लंड बेटाच्या वायव्य कोपऱ्यात डेरी नावाचे एक जुने, तटबंदीचे शहर आहे. (त्याला लंडनडेरी म्हणावे की नुसते डेरी, यावरून तेथे पिढ्यान्‌पिढ्या भांडणे झालेली आहेत, त्या वादात आम्ही पडत नाही.) या शहरातून निघालेली बस डोनेगल परगण्यातील लेटरकेनी गावाला तासाभरात पोचते. वाटेत कोठे नाके नाही, फाटक नाही, पहारा नाही. रस्त्याकडेच्या पाट्यांवर मैलांऐवजी किलोमीटरचे आकडे दिसू लागले, की ब्रिटनचे राज्य संपले आणि आयर्लंडचे प्रजासत्ताक सुरू झाले असे समजावयाचे. डेरीचे लोक बाजारहाटासाठी, लग्नकार्यासाठी, समुद्रकाठची हवा खाण्यासाठी हा रस्ता सतत तुडवीत असतात आणि आपण परदेशगमन करीत आहोत हे त्यांच्या मनातही येत नाही. परंतु त्याच बसमध्ये त्याच शहरातील इस्पितळात रात्रपाळी करणारी एखादी भारतीय परिचारिका बसलेली असेल, तर तिची गोष्ट निराळी. तिने आधी आयर्लंडच्या व्हिसासाठी अर्ज केलेला असला पाहिजे, बँकेचे उतारे जोडलेले असले पाहिजेत, मालकाचे पत्र आणलेले असले पाहिजे आणि उत्तराची वाट पाहिलेली असली पाहिजे. एवढे सारे सोपस्कार न करता ती त्या किलोमीटरच्या पाटीपलीकडे गेली, तर कायद्याच्या दृष्टीने ती घुसखोर ठरते!

ही परिचारिका डेरीत राहते. तेथे ती कर भरते, घरभाडे देते, तिची मुले तेथल्या शाळेत जातात. ब्रिटिश सरकारने तिच्या बोटांचे ठसे घेतले आहेत, तिची क्षयाची तपासणी केली आहे, तिची पदवी आणि तिचे इंग्रजी पारखून घेतले आहे. जगातल्या कोणत्याही सरकारला एखाद्या माणसाविषयी जेवढे म्हणून जाणता येईल तेवढे सारे त्या सरकारला तिच्याविषयी ठाऊक आहे. तरीही शेजारच्या सरकारच्या लेखी ती डेरीची रहिवासी नाहीच. ती केवळ निळ्या मुखपृष्ठाच्या एका पुस्तिकेची धारक आहे. ती कोठे राहते हे कोणी विचारीत नाही. ती कोणत्या देशाची प्रजा आहे एवढेच विचारले जाते, आणि त्या एका उत्तरावर सारे ठरते.

इतक्या दूरच्या बेटावरील एका बसची चिंता मुंबईच्या वृत्तपत्राने का वाहावी, असे कोणी म्हणेल. त्याला आमचे उत्तर असे की, भारताचा पासपोर्ट बाळगून भारताबाहेर राहणाऱ्यांची संख्या आपल्या परराष्ट्र खात्याच्याच हिशेबाने सुमारे १ कोटी ५८ लाख आहे. गिरगावापासून गडहिंग्लजपर्यंत असे गाव आज सापडणार नाही, की जेथल्या चार घरांतला मुलगा किंवा मुलगी दुबईला, लंडनला, सिंगापूरला किंवा टोरांटोला नाही. ही माणसे ज्या देशात राहतात तेथे त्यांना राहण्याची परवानगी आहे, आणि मायदेशी परतण्याचा हक्कही आहे. परंतु या दोन देशांच्या बाहेर पाऊल टाकावयाचे म्हटले, की त्यांची स्थिती ‘ना घरका ना घाटका’ अशी होते. शेजारी राहणारा स्थानिक मनुष्य हातात पिशवी घेऊन निघतो आणि हे मात्र वकिलातीच्या दारात ताटकळत राहतात. प्रवासाची हौस पुढे ढकलता येईल. पण पॅरिसमध्ये आजारी पडलेल्या सख्ख्या बहिणीला लंडनच्या भावाने भेटावे, यासाठी जेव्हा तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळते, तेव्हा ती गैरसोय नसते, ती क्रूरता असते.

आयर्लंडचे उदाहरण आम्ही मुद्दाम घेतले आहे, कारण या व्यवस्थेतील विसंगती तेथे जितकी उघडी पडते तितकी अन्यत्र कोठेही पडत नाही. १९२१ साली त्या बेटाची फाळणी झाली. फाळणी म्हणजे काय हे आपल्याला कोणी सांगावयास नको. परंतु आपल्या फाळणीनंतर आधी परमिटे आली आणि १९५२ साली पासपोर्ट आले. तेथे मात्र ब्रिटन आणि नवे आयरिश राज्य यांनी येण्याजाण्याची मोकळीक राखली. तिलाच पुढे ‘समाईक प्रवासक्षेत्र’ असे नाव मिळाले. मधल्या रक्तरंजित तीस वर्षांत त्या सीमेवर लष्करी चौक्या उभ्या राहिल्या. १९९८ च्या शांतता करारानंतर त्या निघाल्या. आज सुमारे ५०० किलोमीटर लांबीच्या त्या सीमेला दोनशेहून अधिक रस्ते छेदून जातात. कोठे शेत इकडे आणि गोठा तिकडे, तर कोठे एकाच रस्त्याने जाताना ही सीमा दोन-तीनदा ओलांडावी लागते. ब्रिटनने युरोपीय संघ सोडला तेव्हा ही सीमा पुन्हा बंद होऊ नये म्हणून लंडन, डब्लिन आणि ब्रसेल्स येथील मुत्सद्द्यांनी वर्षानुवर्षे खल केला. त्या सर्व खटाटोपाचा हेतू स्तुत्य होता, यात शंका नाही. पण ही मोकळीक ब्रिटिश आणि आयरिश नागरिकांपुरतीच आहे, ही गोष्ट त्या गदारोळात फारशी कोणाच्या ध्यानी राहिली नाही. जे नागरिक नाहीत परंतु रहिवासी आहेत, त्यांच्यासाठी ती सीमा जशीच्या तशी उभी आहे. फक्त ती दिसत नाही, म्हणून अधिक घातक आहे. दिसणाऱ्या फाटकापाशी माणूस थांबतो तरी. या अदृश्य सीमेवर एक वळण चुकले की भला माणूस नकळत बेकायदा होतो.

आणि हे बेट किती एकजीव आहे ते पाहा. उत्तर आयर्लंडमधील ज्या बालकांच्या हृदयात जन्मजात दोष असतो, त्यांच्या शस्त्रक्रिया आता बेलफास्टमध्ये होत नाहीत. दोन्ही सरकारांनी मिळून उभारलेल्या व्यवस्थेनुसार ती बालके बहुतांशी डब्लिनच्या इस्पितळात पाठविली जातात. उलट, डोनेगलमधील कर्करोग्यांना किरणोपचारासाठी डब्लिनचा लांबचा पल्ला गाठावा लागू नये म्हणून डेरीच्या इस्पितळात २०१६ साली जे केंद्र सुरू झाले, त्याला आयर्लंडच्या सरकारने पैसा पुरविला. योजना अत्यंत शहाणपणाची आहे. परंतु बेलफास्टमध्ये नोकरी करणाऱ्या भारतीय दांपत्याच्या बालकाला असा दोष निघाला तर? डॉक्टर म्हणतील डब्लिनला न्या. नियम म्हणेल आधी व्हिसा काढा. लेटरकेनीत राहणाऱ्या भारतीयाला किरणोपचाराची गरज पडली तर? त्याने शंभर पौंडांहून अधिक शुल्क भरून ब्रिटनचा व्हिसा मागावयाचा, तोही सहा महिन्यांपुरता! इस्पितळ दोन्ही देशांचे, रोगी दोन्ही देशांचे, आणि दार मात्र एकाच प्रकारच्या पुस्तिकेला उघडणारे. दयाळू अधिकारी अशा वेळी वाट काढून देत असतीलही. परंतु माणसाचा जीव अधिकाऱ्याच्या दयाळूपणावर टांगून ठेवणे याला कायद्याचे राज्य म्हणत नाहीत.

शाळेची सहल निघाली तरी हाच प्रकार. वर्गातील तीस मुले सीमेपलीकडचा किल्ला पाहावयास जातात आणि दोन मुले घरी राहतात. ती मंदबुद्धी नसतात, व्रात्यही नसतात. त्यांच्या आईबापांच्या पासपोर्टवर अशोकस्तंभ असतो इतकेच. बसमध्ये अधूनमधून आयरिश पोलीस चढतात आणि कागद मागतात. ते कोणापाशी मागतात याविषयी बेलफास्ट आणि डेरी येथील हक्कवादी संस्थांनी वारंवार तक्रारी केल्या आहेत: चेहऱ्याचा रंग पाहूनच बोट रोखले जाते, असे त्यांचे म्हणणे आहे. ज्या सीमेवर सर्वांची तपासणी होत नाही तेथे तपासणी कोणाची होणार, याचा तर्क करावयास फार मोठी बुद्धी लागत नाही.

याहून मौजेची गोष्ट पुढेच आहे. ब्रिटन आणि आयर्लंड यांनी चीन आणि भारत येथील पर्यटकांसाठी एक संयुक्त व्हिसा योजना काढली आहे. मुंबईचा एखादा सुखवस्तू गृहस्थ त्या योजनेचा शिक्का मारलेला अभ्यागताचा व्हिसा घेऊन लंडनला उतरतो, बेलफास्टला जातो आणि तेथून खुशाल डब्लिनच्या गाडीत बसतो. त्याला कोणी अडवीत नाही. त्याच गाडीत त्याची बेलफास्टवासी भाची बसली तर मात्र तिला अडविता येते, कारण तिच्याजवळ अभ्यागताचा व्हिसा नाही. तिच्याजवळ वर्षानुवर्षे राहण्याचा परवाना आहे! आठ दिवसांच्या पाहुण्यावर विश्वास आणि आठ वर्षांच्या रहिवाशावर अविश्वास, हे तर्कशास्त्र कोणत्या विद्यापीठात शिकवितात ते आम्हांला कळलेले नाही. २०११ साली आयर्लंडने काही देशांच्या नागरिकांसाठी व्हिसामाफीची योजना सुरू केली, तिच्यातही हेच झाले. ब्रिटनचा अल्पमुदतीचा व्हिसा असलेल्या भारतीयाला माफी मिळाली; ब्रिटनमध्ये कायम राहणाऱ्या भारतीयाला व्हिसा काढणे भागच राहिले. त्याच्यावर एकच मेहेरबानी करण्यात आली, ती म्हणजे व्हिसाचे शुल्क माफ. शुल्क घेण्याची ज्यांना लाज वाटली, त्यांना व्हिसा मागण्याची का वाटू नये?

आयर्लंडविषयी आम्हा महाराष्ट्रीयांच्या मनात आकस नाही, असलाच तर जिव्हाळा आहे. मालवणजवळच्या वराड गावचे मूळ सांगणारे, मुंबईत जन्मलेल्या एका डॉक्टरांचे चिरंजीव लिओ वराडकर २०१७ साली त्या देशाचे पंतप्रधान झाले आणि २०१९ च्या डिसेंबरात सहकुटुंब वराडला येऊन गेले, तेव्हा सिंधुदुर्गात जणू घरचेच कार्य होते. जो समाज परक्या घराण्यातील मुलाला राज्याच्या सर्वोच्च पदावर बसवितो तो कोत्या मनाचा म्हणता येणार नाही. २०२२ च्या शिरगणतीत त्या देशात ४५ हजारांहून अधिक भारतीय नागरिक मोजले गेले. त्यांच्यावाचून तेथली इस्पितळे आणि संगणकाच्या कचेऱ्या चालावयाच्या नाहीत, हे तेथले लोकही मान्य करतात. म्हणूनच असे वाटते की ही विसंगती द्वेषातून आलेली नाही. आळसातून आलेली आहे. आणि आळसातून आलेला अन्याय हटविणे हे द्वेषातून आलेला अन्याय हटविण्याहून कधी कधी कठीण असते, कारण त्याचे समर्थन करावयास कोणी पुढेच येत नाही.

गोमंतकाचे उदाहरण तर आपल्या अधिकच जवळचे आहे. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या आणि त्यांच्या वंशजांच्या पोर्तुगीज नागरिकत्वाच्या हक्काला पोर्तुगालचा कायदा मान्यता देतो. त्यामुळे हजारो गोवेकर आज पोर्तुगीज पासपोर्टावर ब्रिटनमध्ये राहत आहेत. समजा, बार्देशातील दोन चुलतभाऊ आहेत. एकाने लिस्बनमध्ये आजोबांच्या जन्माची नोंद काढली, दुसऱ्याने काढली नाही. दोघेही उत्तर आयर्लंडमध्ये एकाच कारखान्यात, एकाच पाळीत काम करतात, एकाच घरात राहतात. रविवारी दोघे डब्लिनला निघाले. पहिला युरोपीय संघाचा नागरिक म्हणून ताठ मानेने जाईल. दुसरा जाऊ शकणार नाही. त्यांची भाषा, चालचलणूक, कमाई, पत्ता यांत तिळमात्र फरक नाही. फरक आहे तो आजोबांच्या कागदात! मग हा व्हिसा नेमके काय तपासतो? माणूस परत जाईल की नाही, हे? तो धोकादायक आहे की नाही, हे? यांपैकी काहीही तो तपासीत नाही.

वस्तुतः जगातील व्हिसाशास्त्राचा सगळा गोंधळ या एका वाक्यात सांगता येईल: अर्ज कोठे करावयाचा हे निवास ठरवितो, आणि अर्ज करावयाचा की नाही हे नागरिकत्व ठरविते. युरोपातील शेंगेन राष्ट्रांच्या २००९ च्या व्हिसासंहितेत स्पष्ट लिहिले आहे की, अर्जदार जेथे कायदेशीरपणे राहतो तेथल्या वकिलातीनेच त्याचा अर्ज हाताळावा. २०२५ च्या सप्टेंबरात अमेरिकेनेही फर्मावले की, अभ्यागतादी व्हिसासाठी मुलाखत नागरिकत्वाच्या अथवा निवासाच्या देशातच द्यावी. म्हणजे निवास ही काहीतरी अर्थपूर्ण गोष्ट आहे, माणसाची खरी ओळख तेथेच पटते, हे या सरकारांना पूर्णपणे ठाऊक आहे. आपल्या कारकुनांची सोय करावयाची असेल तेव्हा ते निवासाचा आधार घेतात. प्रवाशाची सोय करावयाची वेळ आली की तोच निवास विसरतात. लंडनहून आगगाडी पॅरिसला सव्वादोन तासांत पोचते. लंडनमध्ये वीस वर्षे काढलेला, परंतु आपला भारतीय पासपोर्ट न सोडलेला प्राध्यापक या सव्वादोन तासांसाठी ९० युरो भरतो, तारीख मिळविण्यासाठी पहाटे संगणकापुढे बसतो आणि आपण पॅरिसमध्ये कायमचे ठाण मांडणार नाही हे सिद्ध करण्यासाठी घराची कागदपत्रे दाखवितो.

आणि या प्राध्यापकाने भारतीय पासपोर्ट का सोडला नाही? मन होत नाही म्हणून! भारतीय राज्यघटनेत दुहेरी नागरिकत्वाला स्थान नाही. परदेशाचे नागरिकत्व घेतले की भारताचे संपते. पुष्कळजण पोटावर दगड ठेवून ते घेतात, आणि त्यातले बरेचजण केवळ या व्हिसाच्या जाचापायी घेतात, हे खासगीत कोणीही सांगेल. मायदेशाशी इमान राखणाऱ्यालाच हा जाच अधिक व्हावा, ही गोष्ट आपल्या सरकारने तरी हलक्या हाताने घेऊ नये.

सीमारक्षणाची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांची बाजू अगदीच पोकळ आहे असे आम्ही म्हणत नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये आयर्लंडच्या न्यायमंत्र्यांनी असे सांगितले की, त्या देशात आश्रय मागणाऱ्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक लोक उत्तर आयर्लंडची भूसीमा ओलांडून आलेले आहेत. त्यावरून तेथे मोठे वादळ झाले. रहिवाशांना मोकळीक दिली तर ही वाट अधिकच रुंद होईल, अशी भीती तेथे बोलून दाखविली जाते. पण जरा विचार केला तर दिसेल की हा आकडा नेमके उलटे सिद्ध करतो. जे आले ते व्हिसाच्या नियमाला जुमानून थांबले नाहीत. पहारा नसलेल्या सीमेवर नियम त्यांना थांबवूही शकत नव्हता. थांबली ती परिचारिका, थांबला तो प्राध्यापक, थांबली ती सहलीतली दोन मुले. ज्यांना नोकरी, घर आणि निवासाचा परवाना गमावण्याची धास्ती आहे तीच माणसे हा नियम पाळतात, आणि परत जाण्याची सर्वांत भक्कम हमी नेमकी त्याच माणसांपाशी असते.

परत जाण्याच्या हमीचा प्रश्न नवीनही नाही. पहिल्या महायुद्धापूर्वी युरोपातील बहुतेक देशांत पासपोर्टावाचून फिरता येत असे. युद्धाने पासपोर्ट आणला आणि युद्ध संपल्यावर तो गेला नाही. १९२० साली राष्ट्रसंघाने पॅरिसला भरविलेल्या परिषदेत त्याचा नमुना तेवढा ठरला. १९२२ साली देश गमावलेल्या रशियन निर्वासितांसाठी नान्सेन पासपोर्ट निघाला; नागरिकत्व नसले तरी माणसाला प्रवास करता आला पाहिजे, हे तत्त्व त्याने मान्य करविले. त्याचाच पुढचा टप्पा म्हणजे १९५९ चा युरोपीय करार. फ्रान्समध्ये राहणाऱ्या निर्वासिताने जर्मनीला तीन महिन्यांपर्यंत भेट द्यावयाची तर व्हिसा नको, कारण तो जेथे राहतो ते राष्ट्र त्याला केव्हाही परत घेईल: हे या कराराचे सार. किती साधी आणि किती सभ्य कल्पना! ज्यांना स्वतःचा देशही उरला नव्हता, त्यांच्या निवासाला युरोपने साठ वर्षांपूर्वी किंमत दिली. दुर्दैवाने ब्रिटनने २००३ साली आणि आयर्लंडने २०२२ साली आपापल्यापुरता हा करार स्थगित केला. परंतु करार मोडीत निघालेला नाही. आणि राहत्या राष्ट्राने परत घेण्याची हमी द्यावी, शेजारी राष्ट्राने दार उघडावे, ही त्यातील तोड आजही तितकीच उपयोगी आहे.

शेंगेन प्रदेशात तर ती रोज अमलात असते. जर्मनीचा निवासपरवाना असलेला पुण्याचा अभियंता फ्रान्समध्ये, इटलीत, स्पेनमध्ये ९० दिवसांपर्यंत कोणत्याही व्हिसावाचून हिंडू शकतो. त्यामुळे युरोप बुडाल्याचे ऐकिवात नाही. १९९४ साली युरोपीय संघाने ठरविले की, सदस्य देशात राहणाऱ्या परक्या नागरिकांची मुले शाळेबरोबर सहलीला निघाली, तर शिक्षकांजवळची यादी पुरे. अमेरिकेचे ग्रीन कार्ड असलेल्या भारतीयाकडे कॅनडा व्हिसा मागत नाही. अमेरिका, कॅनडा, जपान, ब्रिटन किंवा शेंगेन देश यांत कायम निवास मिळालेल्यांना मेक्सिको व्हिसावाचून घेतो. सौदी अरेबियाने २०२३ च्या मार्चमध्ये आखाती सहकार्य परिषदेच्या कोणत्याही देशात राहणाऱ्या परकीयाला, त्याचा धंदा कोणताही असो, पर्यटनाच्या व्हिसासाठी घरबसल्या अर्ज करण्याची मुभा दिली. त्यापूर्वी हुद्दा पाहिला जाई. म्हणजे कचेरीतला व्यवस्थापक पात्र आणि त्याच्या मोटारीचा चालक अपात्र. आणि ब्रिटननेच २०२३ साली आयर्लंडमधील रहिवाशांना उत्तर आयर्लंडला जाताना नव्या इलेक्ट्रॉनिक प्रवास-परवान्यातून सूट दिली. मात्र ही सूट ज्यांना एरवीही व्हिसा लागत नाही अशाच देशांच्या नागरिकांना! डोनेगलमधील अमेरिकन माणसाची अडचण लंडनला दिसली, त्याच्या शेजारच्या भारतीयाची दिसली नाही.

तथापि या सवलतींच्या यादीकडे पाहून आम्ही फार हुरळून जाऊ इच्छीत नाही. त्यांतील बहुतेक सवलतींचा आधार माणसाचे राहणे हा नसून त्याने मिळविलेला बड्या राष्ट्राचा शिक्का हा आहे. अमेरिकेने ज्याला पारखले त्याला आम्हीही पारखलेला मानतो, असे मेक्सिको म्हणतो. व्यवहार म्हणून ते ठीक आहे. पण नैरोबीत तीस वर्षे दुकान चालविणाऱ्या, भारतीय पासपोर्ट न सोडलेल्या गुजराती व्यापाऱ्याला ही सवलत नाही. त्याचे राहणे खोटे आहे काय? निवासाला किंमत द्यावयाची तर ती निवासाची असावी, यजमानाच्या श्रीमंतीची नव्हे.

आता थोडे आपल्या घरात पाहू. परक्यांनी आपल्या माणसांचा पासपोर्ट पाहू नये, पत्ता पाहावा, असे सांगताना आपण काय पाहतो? जन्माने आणि नागरिकत्वाने ब्रिटिश असलेला, बर्मिंगहॅमबाहेर कधी न राहिलेला तरुण भारतात येऊ म्हणतो आणि त्याचे आजोबा फाळणीनंतर लाहोरला राहिले एवढ्याच कारणाने त्याला इतर ब्रिटिशांप्रमाणे इलेक्ट्रॉनिक व्हिसा मिळत नाही. त्याने वकिलातीत निराळा अर्ज करावा आणि महिनोन्‌महिने थांबावे. म्हणजे इतरांनी निदान पासपोर्ट पाहिला. आपण तर आजोबांचे बिऱ्हाड पाहतो! सुरक्षेची कारणे आम्हांला समजतात. पाकिस्तानातून येणाऱ्या घातपातांची किंमत या मुंबईइतकी कोणी मोजलेली नाही. तरीही चौकशी माणसाची व्हावी, वंशावळीची नव्हे, हा आग्रह दुसऱ्यापुढे धरावयाचा तर तो आधी घरात धरला पाहिजे.

परदेशगमन हा सरकारच्या मर्जीचा प्रसाद नसून व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असा निर्णय आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली दिला आणि त्यामुळेच त्या वर्षी पासपोर्टाचा कायदा करावा लागला. तो निर्णय भारताच्या वेशीपर्यंत चालतो. परक्याच्या वेशीवर आपल्या न्यायालयाचे काही चालत नाही, तेथे परराष्ट्र खात्याने चालवावे लागते. आजवर या खात्याने काय केले? भारतातून निघणाऱ्या पर्यटकांसाठी व्हिसामाफी मिळविण्याचा उद्योग ते करते, आणि एखाद्या देशाने ती दिली की त्याचा गाजावाजाही होतो. पण जे भारतीय आधीच बाहेर राहतात, त्यांच्या शेजारच्या देशातील येण्याजाण्याविषयी दिल्लीने कधी गंभीरपणे बोलणी केल्याचे दिसत नाही. २०२५ च्या जुलैत ब्रिटनशी व्यापक व्यापारकरार झाला. मोटारी, मद्य, कापड यांच्या जकातीची कलमे त्यात बारकाईने लिहिली गेली. व्हिस्कीला जे सीमोल्लंघन सुलभ झाले ते डेरीच्या परिचारिकेलाही व्हावे, असे कोणालाच सुचले नाही काय?

आमची मागणी माफक आहे. ब्रिटन आणि आयर्लंड यांनी एकमेकांच्या देशात कायदेशीरपणे राहणाऱ्या परकीयांना अल्पमुदतीच्या भेटीसाठी आपापला निवासपरवाना पुरेसा मानावा आणि तो ज्या सरकारने दिला त्याने परत घेण्याची हमी द्यावी. समाईक प्रवासक्षेत्रातील सुरक्षेसाठी दोन्ही सरकारे एकमेकांना माहिती पुरवितातच, तेव्हा नवे खाते उघडावे लागणार नाही. भारताने हा प्रश्न लंडन आणि डब्लिन या दोन्ही ठिकाणच्या आपल्या राजदूतांमार्फत उपस्थित करावा आणि शेंगेन राष्ट्रांपुढे ब्रिटनवासी भारतीयांसाठी तोच आग्रह धरावा. हे सर्व ठरावयास वर्षे लागतील. परंतु आजारी बालकाला डब्लिनला नेणारे आईबाप, डेरीला उपचारासाठी जाणारा रोगी आणि शाळेच्या सहलीतील मुले या तिघांसाठी थांबण्याचे काहीच कारण नाही. त्यांच्यापुरते एक परिपत्रक दोन्ही सरकारांच्या गृहखात्यांना एका आठवड्यात काढता येईल, आणि ते काढा असे सांगण्याचा अधिकार ज्या देशाच्या परिचारिका त्या इस्पितळांतून रात्री जागवीत आहेत, त्या देशाच्या सरकारला निश्चित आहे.